बसलेलं मेंढरू

भामाबाईच्या माहेरी काय आणि सासरी काय, सगळी माणसं मेंढरांवर जगलेली. त्यांच्यात एक गोष्ट कुणी कुणाला शिकवावी लागत नसे. उभं मेंढरू आजारी असलं तरी आपलं. बसलेलं मेंढरू कावळ्यांचं. एका कुशीवर कलंडलं की पोटाखाली हात घालायचा, मागनं गुडघा लावायचा आणि उभं करायचं. पडलं तर परत करायचं. अगदीच त्राण नसलं तर पोटाखालनं गोणपाट घालून बाभळीच्या फांदीला बांधायचं, पण भुईला लागू द्यायचं नाही. अशी कितीतरी मेंढरं भामाबाईनं जगवली होती.

म्हणून दिवाळी उलटल्यावर तिचा नवरा म्हस्कू म्हशीखाली धार काढता काढता कलंडला, उजव्या अंगावरनं वारं गेलं, शिरूरच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून घरी आला, आणि डॉक्टर म्हणाला की आता हळूहळू घ्या, त्यांनाही विश्रांती द्या, तुम्हीही घ्या, तेव्हा तिनं ते एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून दिलं. डॉक्टर पोरगेला होता. त्यानं कधी मेंढरू राखलं नव्हतं.

"मी उठवते त्येंला," आपल्या गावी, निमोण्यात, गाडीतनं उतरता उतरताच तिनं जमलेल्या भावकीला सांगितलं. "चैती पाडव्याला बिरोबाच्या देवळापतूर ह्येंच्या पायानं न्हेते का न्हाई बघा."

पाडवा आला आणि गेला. त्या दिवशी म्हस्कू खाटेपासून मोरीपर्यंत आला, तोही निम्मा भामाबाईच्या अंगावर.  देवळाकडं जाणाऱ्या बाया तिच्या ओट्यासमोरनं जाताना चाल जरा जलद करत, हे तिला दिसलं.

आता वैशाख लागला होता. गेल्या साली पाऊस झालाच नव्हता. विहिरीत खडक दिसत होता आणि गावात एकाआड एक दिवस टँकर येत होता.

रोज उजाडायच्या आत भामाबाईचं सुरू व्हायचं. आधी म्हस्कूची भिजलेली कापडं बदलायची, अंग पुसायचं. मग त्याचं पागोटं घ्यायचं. लाल, धुतल्यावर दहा हात वाळत पडणारं पागोटं. एके काळी ते बांधायला तो अर्धा तास लावायचा. ते ती त्याच्या पाठीमागनं, दोन्ही काखांखालनं घ्यायची, पुढं पीळ घालायची आणि पीळ आपल्या मुठीत धरून मागं रेटा घ्यायची.

"उठा. हां. उठा."

म्हस्कूचा डावा हात तिच्या खांद्यावर पडायचा. उजवा नुसता लोंबायचा. त्याचा गुडघा थरथरायचा, ओठाच्या खालच्या कोपऱ्यातनं लाळ तिच्या मानेवर गळायची, आणि तिच्या कमरेत वाळलेली काटकी मोडावी तसं काहीतरी व्हायचं. मग तो उभा राहायचा. ती भिंतीवरच्या एका पोपड्याकडं बघत शंभरपर्यंत मोजायची. तिला शंभरपर्यंतच येत होतं.

"चल," म्हस्कू म्हणायचा.

तेवढा एकच शब्द त्याच्यापाशी उरला होता. तहान लागली तरी चल, माश्या बसल्या तरी चल, दुखलं तरी चल. पंचवीस वर्षं ते मेंढरं घेऊन फिरले होते. दसरा झाला की घाट उतरून कोकणात, पाऊस जवळ आला की परत वर. मुक्काम हलवायचा त्या दिवशी पहाटे म्हस्कू तोंडावर पाणी मारायचा आणि म्हणायचा, "चल." कुठं, किती दिवस, काही नाही. भामाबाई बिऱ्हाड घोडीवर लादायची, वर कोंबड्या बांधायची, त्यावर पोरगं बसवायची आणि निघायची. बोलका माणूस तो कधी नव्हताच. आजारानं नेमका हाच शब्द ठेवला याचं गावाला नवल वाटायचं. भामाबाईला वाटायचं नाही. जो रोजच्या वापरात होता तो राहिला.

म्हस्कूचा चुलतभाऊ हौसराव अधूनमधून येऊन बसायचा.

"चल," म्हस्कू म्हणायचा.

"कुठं चल म्हणतूस, दादा? कोकणात का?"

"तुमच्या सासरवाडीला म्हणत्यात," भामाबाई चुलीपुढनं सांगायची. "जावा घिऊन. तितं तरी प्यायला पाणी आसंल."

"वैनी, सासरवाडीत मलाच कोण पाणी इचारत न्हाई."

"मग बरूबर. त्येंनी तुम्हाला वळखलंया."

हौसराव हसायचा, चहा प्यायचा आणि उठायचा. जाताना म्हणायचा, काही लागलं तर हाक मारा. भामाबाईनं एकदाही मारली नव्हती.

घरात सून होती, सुषमा. मुलगा रविराज कुरकुंभला औषधाच्या कंपनीत होता. तिथं चौघांत एक खोली, म्हणून बायको गावीच. सुषमा मेंढरं चारायची, म्हशीचं बघायची, रानातलं जे होतं ते करायची. घरात शिरताना पदर कपाळापर्यंत ओढायची आणि सासऱ्याच्या खाटेकडं पाठ करून आपल्या कामाला लागायची. पहिल्या महिन्यात एकदा ती म्हणाली होती, "आत्या, मामांचं अंग मी पुसू का? तुमची कंबर—"

"सुनंनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा?" भामाबाई म्हणाली होती. "आमच्यात न्हाई ती रीत. तुमच्यात आसंल तर म्हायेरी जाऊन पुस कुणाचं पुसायचं ते."

त्यानंतर सुषमानं विचारलं नव्हतं.

भामाबाई बसत नव्हती. भाकरी उभ्यानं खायची, चुलीच्या जोत्याला टेकून. बसलं तर उठायचं नाही, ही भीती तिनं कुणाला सांगितली नव्हती. पण अलीकडं वेगळंच व्हायला लागलं होतं. हातात तांब्या घेऊन ती अंगणात यायची आणि कशाला आलो ते आठवायचं नाही. कालवणात मीठ दोनदा पडायचं. एकदा म्हशीपुढं जाऊन ती "उठा" म्हणाली. म्हैस उभीच होती.

टँकरचं पाणी घराला चार हंडे, असं गावात ठरलं होतं. भामाबाई सहा न्यायची. चार-पाच दिवस कुणी काही बोललं नाही. मग एक दिवस पोपटराव पाटलांची दगडाबाई पाइपापाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भामाबाय, तुझ्या घरात तोंडं तीन. हंडं सा. म्हशीला न्हाऊ घालतीस का काय?"

बाया हसल्या. भामाबाईच्या जिभेवर उत्तर आलं होतं, आणि ते दगडाबाईच्या तीन पिढ्यांना पुरलं असतं. पण त्या उत्तराच्या मागं दुसरा प्रश्न येणार होता, तो तिला नको होता. तिनं हंडा पाइपाखाली तसाच दाबून धरला आणि तोंड फिरवलं.

मागनं सुषमा म्हणाली, "मामांची कापडं असत्यात, काकू. दिसातनं चार-पाच येळा बदलाया लागत्यात. अंथरूनबी धुवाया लागतं."

हसणं थांबलं.

"आगं बाई," दगडाबाई म्हणाली. "आधी सांगायचं न्हाई व्हय? घे की, घे. ए, सरा गं, त्येंना भरू द्या आधी."

बाया बाजूला सरल्या. एकीनं तर भरलेला हंडा भामाबाईच्या डोक्यावर चढवायला हात लावला. इतक्या वर्षांत तिच्या हंड्याला कुणी हात लावला नव्हता.

घरी आल्यावर तिनं हंडा उतरवला आणि सुनेकडं न बघता म्हणाली, "तीनशे मेंढरांचा धनी त्यो. घाटात वाघरू आडवं आलं तर काठीनं हाकलल्याला. त्येच्या धोतराची दवंडी टँकरपाशी पिटलीस."

"पाणी मिळालं की, आत्या."

"मिळालं. त्या पाण्यानं आता माझं तोंड धू."

सुषमानं सहाही हंडे आत नेऊन रांजणात ओतले आणि मेंढरं सोडायला गेली.

पुढच्या सुट्टीला रविराज आला तो एक लोखंडी खुर्ची घेऊन. जीपच्या टपावर बांधून दौंडहून आणली होती. बसायच्या पाटाला मध्ये भोक, खाली बादली ठेवायला जागा, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या.

"ह्ये काय आनलंस?"

"आबांसाठी. बसल्या जागी व्हतं सगळं, कापडं खराब व्हत न्हाईत. आमच्या कंपनीतल्या एकाच्या वडलांला हाय. तुझंबी निम्मं काम वाचंल."

"बसल्या जागी," भामाबाई म्हणाली.

"व्हय."

"मेंढराला खुर्ची आनली आसतीस तर एकबी जगलं नसतं."

"आई, आबा मेंढरू हाय का?" रविराजनं डोकं धरलं. "तुझं तोंड बघितलंस का आरशात? डोळं कुठं गेल्यात बघ."

"आरसा बघाया मी काय नवरी हाय?"

"कंपनीत एका मानसाला लागोपाठ दोन पाळ्या लावल्या तर दुसऱ्या दिशी त्येला घरी धाडत्यात. लाड न्हाई त्ये कुणाचं, नेम हाय. थकल्याल्या मानसाच्या हातनं मशिनीत हात जातो. तू सा म्हयनं दोन पाळ्या वडतीयास. सुषमाला करू दे की थोडं."

"तुझी कंपनी तुझ्यापाशी. हितं भोंगा न्हाई वाजत."

रविराज संध्याकाळच्या गाडीनं गेला. भामाबाईनं खुर्ची उचलून कडब्याच्या खोपीत नेली आणि तिच्यावर चार पेंढ्या टाकल्या. ओट्यावर परत आली तर म्हस्कू खोपीकडंच बघत होता.

"चल," तो म्हणाला.

"तुम्ही गप बसा," ती म्हणाली.

त्यानंतर आठवड्यानं ते झालं.

आदल्या दिवशी टँकर आलाच नव्हता. रांजणात तळाला तांब्याभर पाणी होतं, ते प्यायचं. पहाटे तिनं राखेनं आणि फडक्यानं म्हस्कूला कसंबसं पुसलं, घरातलं शेवटचं कोरडं धोतर नेसवलं आणि पागोटं काखांखालनं घेतलं. पहिल्यांदा तो अर्धा उठला आणि खाली गेला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिनं दात आवळून ओढलं तेव्हा तिला कळलं की तो खाली पडला नाही, तो बसला. गुडघा थरथरला नव्हता. त्यानं आपणहून अंग सोडलं होतं. आणि बसल्या बसल्या कोरडं धोतर भिजत गेलं, खाटेच्या नवारीतनं थेंब भुईवर पडायला लागले.

"ऊठ," भामाबाई म्हणाली.

म्हस्कू तिच्याकडं बघत होता.

"ऊठ की रं. ऊठ. मुद्दाम करतूयास. ऊठ."

आणि तिचा हात चालला. त्याच्या उजव्या गालावर, लोंबलेल्या बाजूला. चांगला फटका बसला. तळहाताला लाळ लागली.

त्या बाजूला त्याला काही कळत नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. गालाला कळलं नसेल. म्हस्कूचे दोन्ही डोळे मोठे झाले आणि पाण्यानं भरले. तो चल म्हणाला नाही.

भामाबाईनं हात लुगड्याला पुसला. तेव्हा तिला आपल्या तोंडचा शब्द ऐकू आला. चाळीस वर्षांत नवऱ्याला ती कधी अहो-जाहोशिवाय बोलली नव्हती. भांडणात नाही, पोरगी दगावली तेव्हा रडतानाही नाही. 'रं' ती पोरांना म्हणायची आणि बोकडाला.

दारात शेणाची पाटी घेऊन सुषमा उभी होती.

"काय बघतीस?"

"काय न्हाई, आत्या," सुषमा म्हणाली आणि पाटी घेऊन उकिरड्याकडं गेली.

त्यानंतर तीन दिवस भामाबाईनं सगळं केलं, फक्त त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही. उठवायचं मात्र सोडलं नाही. तो उठायचा. आता न बसता उठायचा, शंभर होईपर्यंत उभा राहायचा, आणि तिला वाटलं, फटक्यानं काम केलं. कधी कधी अडेलतट्टू जनावरालाही एक बसली की वळण लागतं.

चौथ्या दिवशी मालिशचं तेल संपलं. ते तळेगाव ढमढेऱ्याला एका वैद्याकडं मिळायचं. बाजारचा दिवस होता, जीप जाणार होत्या.

"तुम्ही जाऊन या आत्या. मी हाय," सुषमा म्हणाली.

"तू फकस्त पानी दे. हात लावायचा न्हाई. दुपारी हौसरावभावजी यिऊन बदलतील कापडं, त्येंला सांगितलंय. मी दोनच्या गाडीनं येते."

तळेगावात तिनं तेल घेतलं. बाजार उन्हानं आणि माणसांनी शिजत होता. स्टँडवर आली तर गाडीला वेळ होता. कडेच्या कडुलिंबाखाली एक म्हातारी काकड्या आणि लिंबं मांडून बसली होती. तिच्या शेजारी भिंतीची सावली होती. भामाबाईनं बाटली पिशवीत नीट उभी केली, भिंतीला पाठ लावली आणि खाली सरकत सरकत बसली.

बसल्यावर तिच्या पायांतनं काहीतरी निघून जमिनीत गेलं.

निमोण्याच्या फाट्यावरनं जाणारी न्हावऱ्याकडची एसटी आली. माणसं धावली, खिडक्यांतनं पिशव्या टाकल्या, कंडक्टरनं घंटी मारली. भामाबाई बघत होती. तिला वाटलं आपण उठतोय. गाडी गेली, धुरळा खाली बसला, तेव्हा ती बसलेलीच होती.

तासाभरानं दुसरी गाडी आली आणि गेली.

"बाय," म्हातारी म्हणाली, "ती गाडी तुझी न्हवती का?"

"व्हती."

"मग?"

"जाऊ दे."

म्हातारीनं काकड्यांवर पाणी शिंपडलं. "मी अनसा. हितलीच हाय. तू कुठली?"

"निमोण्याची."

"घरी वाट बघत आसतील."

"कोण न्हाई घरी," भामाबाई म्हणाली.

"पोरं?"

"त्येंचं त्येंचं चाललंय."

"आन् मालक?"

"गेलं," भामाबाई म्हणाली.

शब्द किती सहज गेला. अनसाबाईनं हातातली काकडी खाली ठेवली आणि तिच्या कपाळाकडं बघितलं.

"आन् मग ह्ये कुंकू?"

भामाबाईचा हात कपाळाकडं गेला. सकाळी लावलेलं कुंकू घामानं पसरून भुवईपर्यंत आलं होतं. बोटं लाल झाली.

"गेलं म्हंजी," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायला शब्द सापडेना. "म्हंजी बाजारात गेल्यात. येतील."

अनसाबाईनं सुरी घेतली. तिनं एक काकडी मधोमध चिरली, मीठ लावलं आणि अर्धी पुढं केली.

"खा. बसून खा सावकाश."

भामाबाईनं खाल्ली. खाता खाता तिच्या मनात आलं की तो खरंच गेला असता, तर मी आज इथं अशीच बसले असते, आणि घरी कुणी भिजून पडलेलं नसतं. या विचारानं तिला भ्यायला हवं होतं. तिला झोप आली. डोकं भिंतीला लागलं, तोंड उघडं पडलं, पदर खांद्यावरनं सरकला, आणि भरल्या बाजारात, परक्या गावात, निमोण्याची भामाबाई लहान पोरासारखी झोपली.

अनसाबाईनं तिला हलवलं तेव्हा ऊन पिवळं झालं होतं.

"शेवटची गाडी हाय गं ही. येत्यात का मालक, का जातीस एकटी?"

"जाते," भामाबाई म्हणाली.

फाट्यावर उतरून घराकडं चालताना तिनं सगळं मनात बघून घेतलं. हौसराव आला असेल-नसेल. म्हस्कू सकाळपासनं तसाच, माश्या, वास, कोरडं तोंड. सुषमा दाराबाहेर, तोंडाला पदर लावून. पावलं पडत होती तसा तिचा राग तापत होता आणि त्या रागाचं तिला बरं वाटत होतं. जाऊन सगळं निस्तरायचं होतं. तिच्याशिवाय कोण निस्तरणार होतं.

अंगणात दोरीवर धोतरं वाळत होती. मेंढरं आत कोंडलेली. म्हस्कू ओट्यावर, लोखंडी खुर्चीत बसला होता. अंगात स्वच्छ बंडी, केसांना तेल, पाठीमागं घोंगडीची घडी. सुषमा वाटी घेऊन समोर वाकली होती.

"ह्यो शेवटचा, मामा. मगाबी शेवटचाच म्हनलं व्हतं, पर ह्यो खरा शेवटचा. इमानानं."

आणि म्हस्कू हसत होता. निम्म्याच तोंडानं, पण आवाज करून. आजारापासून भामाबाईनं तो आवाज ऐकला नव्हता. खरं म्हणजे त्याच्या आधीही किती दिवसांत, ते तिला आठवेना.

सुषमानं तिला बघितलं आणि झटक्यानं सरळ झाली, पदर पुढं ओढला.

"हौसमामा आलंच न्हाईत आत्या. त्येंची म्हस अडली, त्ये तिकडं अडकलं. दोनची गाडी गेली, तुम्ही न्हाई. मामा तसंच पडून व्हतं. दुपार कलली तरी तसंच. मग मी..." ती थांबली. "मी म्हनलं, मामा, तुम्ही डोळं मिटा, मीबी तिकडं बघते. त्येंनी मिटलं. म्या तोंडाला पदर बांधून केलं सगळं. खुर्चीबी मीच काढली. रागवा तुम्ही."

भामाबाई राग यायची वाट बघत राहिली. येताना चांगला तापलेला होता, तो कुठं गेला कळेना. तिनं पिशवी ओट्यावर ठेवली. तेलाची बाटली आत लवंडली.

"रांधलंस काय?"

"जवारीच्या कण्या. ताकात."

"जेवलं?"

"दोन वाट्या."

तिच्या हातनं तो चार घासांवर जात नसे. ती पायरी चढून वर आली. उन्हं उतरली होती, त्याला आत घ्यायला हवं होतं. हे तरी आपलं काम, असं वाटून तिनं पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात पुढं करून त्याच्याकडं वाकली.

"चला. उठा आता."

म्हस्कूचा डावा हात वर गेला. तिच्या खांद्यावर यायला नव्हे. कोपर वर करून त्यानं तो आपल्या तोंडापुढं आडवा धरला, मान आत घेतली आणि डोळे घट्ट मिटले. ओठाला कण्यांचा एक दाणा लागलेला होता.

सुषमानं वाटी खाली ठेवली.

मार खाल्लेली जनावरं भामाबाईनं पुष्कळ बघितली होती. हातात काठी नसली तरी ती हाताकडंच बघतात. आणि हाकलं की चालतात, अगदी मुकाट चालतात. लोकांना वाटतं वळण लागलं. गेले तीन दिवस तो उठत होता, तो असा उठत होता.

तिचे हात हवेत तसेच राहिले होते. ते तिनं मागं घेतले आणि कुठं ठेवावेत हे न कळून लुगड्याच्या निऱ्यांत धरले. म्हस्कूचं कोपर हळूहळू खाली आलं, पण सगळं नाही.

"सुषमा," ती म्हणाली.

"जी, आत्या."

"तू उठव त्येंला."

सुषमा बघतच राहिली. "मी? आन् रीत—"

"रीत मी बघून घेते. त्येंच्या उजव्या काखेत खांदा घाल. आपलं पाऊल त्येंच्या पावलापुढं आडवं ठिव, म्हंजी पाय घसरायचा न्हाई. वडू नगं. त्ये उठतील तसं तू उठ." मग जरा थांबून म्हणाली, "आन् बोलत ऱ्हा. मगाशी बोलत व्हतीस तसं."

ती आत गेली. आत काळोख होता, अजून दिवा लागला नव्हता. ती दाराआड, कणगीच्या बाजूला उभी राहिली. बाहेर सुषमाचा आवाज आला, "घ्या मामा, हात टाका हितं." मग काहीच नाही. खुर्ची जरा करकरली आणि थांबली.

"काय झालं, मामा? तिकडं काय बघताय?"

दाराच्या फटीतनं भामाबाईला दिसलं. तो दाराकडं बघत होता.

सुषमानंही दाराकडं बघितलं. मग खाली वाकून, हळू, पण भामाबाईला ऐकू जाईल इतपत ती म्हणाली, "आत्या न्हाईत हितं. उठा तुम्ही."

खुर्चीची दांडी वाजली. जोरात श्वास घेतल्याचा आवाज आला आणि म्हस्कू उठला. मग पावलं, एक टेकणारं, एक घासणारं. ती दाराच्या दिशेनं यायला लागली. भामाबाई आणखी मागं सरकली, कणगीला पाठ लागेपर्यंत. मनगट कणगीला लागलं आणि हातातला चुडा किणकिणला. पावलं थांबली. तिनं एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट दाबून धरल्या, श्वास धरला आणि पावलं पुन्हा पडायची वाट बघत तशीच उभी राहिली.